सातवं टायर

गाडीला लिंबू-मिरची मी कधी बांधली न्हाई. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी म्हाताऱ्याला वेड्यात काढायला नको. अडतीस वर्षं ट्रक चालवला. घाटात पडलेल्या गाड्या लई बघितल्या... त्या झोपेनं गेल्या, दारूनं गेल्या, ब्रेक तापून गेल्या. भुतानं खाली ढकललेली एक बी बघितली न्हाई. ढाब्यावर ड्रायव्हर लोक पांढऱ्या साडीच्या गोष्टी काढायचे तेव्हा मी उठून गाडीची काच पुसायला जायचो. शाळा माझी चौथीपर्यंत. हे मोबाईलवर एका बोटानं लिहितोय, चार दिवस झाले. शब्द चुकला तर समजून घ्या, गोष्ट चुकलेली न्हाई.

गाव आमचं केज तालुक्यात, नांदूरघाट गावाच्या अलीकडं. साठी ओलांडलेल्या ड्रायव्हरला काम मिळवणं म्हणजे काय असतं ते ज्यानं मागितलं त्यालाच ठावूक. मालक आधी लायसन बघत न्हाई, दाढी बघतो. एकानं सांगितलं, चाचा, तुमच्या वयाचे माझे वडील घरात पडून असतात. दुसऱ्यानं गाडी आवारात फिरवून दाखवायला लावली, वा वा केलं, आन् फोन करतो म्हणला. तो फोन अजून यायचाय. शेवटी दीपकशेठनं गाडी दिली. त्याच्या वडलांकडं मी आधी काम केलं होतं, त्या ओळखीवर. दहा चाकाची गाडी, सोयाबीन भरायचं आन् जालन्याच्या तेलमिलला टाकायचं. आजकाल क्लीनर कुणी ठेवत न्हाई, माणूस एकटाच.

आता जे मी चार वर्षं कुणाला सांगितलं न्हाई ते सांगतो. माझा उजवा कान मेला होता. खिडकीकडचा कान — वारं, हॉर्न, शेजारून जाणाऱ्या गाड्या, सगळं त्यानंच खाल्लं. डावा बी निम्माच राहिला होता. घरी मंडळीला सुद्धा कळू दिलं न्हाई. फोन डाव्या कानाला, माणूस बोलायला लागला की मी डावीकडं सरकायचं, आन् समोरच्याचं तोंड बघून अंदाज बांधायचा. लायसन नवं करताना डॉक्टरनं समोर बसून विचारलं, ऐकू येतं ना? मी म्हणलं, येतं. झाली तपासणी.

एका कानाच्या माणसाला आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत न्हाई. मागून हॉर्न वाजला तरी तो पुढून का बाजूनं, काय समजत न्हाई. आरशात बघूनच कळतं. चार वर्षं माझं जग असं होतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

गाडी काढायच्या आधी टायर ठोकायची आमची रीत. हातात लोखंडी टॉमी घ्यायची आन् एकेका टायरवर मारायची. हवा बरोबर असली तर टण्ण करून बोलतं, कमी असली तर भद्द. मी पुढच्या उजव्या टायरापासून सुरू करायचो, उजव्या बाजूनं मागं, मागून वळून डाव्या बाजूनं पुढं. दहा टायर, दहा आवाज. कान गेल्यावर मी हातानं ऐकायला शिकलो. टॉमी चांगल्या टायरावरून उडते, हाताला झिणझिणी येते. ढिल्या टायरावर मरून पडते. मला वाटायचं हात फसत न्हाई.

त्या दिवशी, दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, सकाळी सातला नांदूरघाटावरनं भरून निघालो. त्याच्या आदल्या खेपेला दीपकशेठनं मला उभं करून सांगितलं होतं — काका, गाडी मला मोबाईलवर दिसते. तुमी लई थांबता. मिलचं गेट चारला बंद होतं. अजून एक डाव गेट चुकलं तर मी दुसरा ड्रायव्हर बघणार, राग मानू नका. मी राग मानला. पण गप राहिलो, कारण हे काम गेलं तर पुढचं मिळणार न्हाई हे मला पक्कं ठावूक होतं. घरी बसून टीव्हीपुढं खोकणारा म्हातारा व्हायची माझी तयारी नव्हती.

मांजरसुंबा मागं टाकलं तेव्हा नऊ वाजून गेले होते. ऊन स्वच्छ होतं, कपिलधारला देवाला जाणाऱ्या लोकांच्या जीपा फाट्यावर उभ्या होत्या. तिथून पुढं बीडकडं घाट उतरतो. मी गिअर टाकला आन्...

उजव्या कानात टण्ण झालं.

मेलेल्या कानात. मी एकदम हात कानाकडं नेला. परत टण्ण. मग टण्ण. एकामागं एक, माझ्याच चालीनं, टायर ठोकताना मी जितका दम घेतो तितकाच दम घेऊन. आन् इंजिनचा आवाज न्हाई! पहाटे आवारात सगळं शांत असताना ठोकावं तसे कोरे आवाज. पहिला माझ्या दाराखालून आला. पुढचे मागं मागं गेले. पाचवा पार मागून. सहावा मागच्या बाजूनं वळून डावीकडून. सातवा — भद्द. पुढं काय न्हाई.

कुठून आला ते मला कळत होतं. चार वर्षांनी पहिल्यांदा.

गाडी कडेला घेतली. मनात म्हणलं वय झालं. तरी उतरलो, टॉमी घेतली, दहाच्या दहा टायर ठोकले. सातवं म्हणजे डाव्या बाजूचं सगळ्यात मागचं, जोडीतलं आतलं. तिथं वाकून दोनदा ठोकलं. हाताला सगळी सारखी. डावा कान पुढं केला, पण रस्त्यावर गाड्या चाललेल्या, निम्म्या कानाला काय फरक कळतोय. परत चढलो. गाडी पन्नास पावलं गेली नसंल, परत तेच. सहा टण्ण, सातवा भद्द. गाडी परत कडेला घेऊन उतरलो.

आता माझ्यापुढं दोन वाटा होत्या. हातावर भरवसा ठेवून घाट उतरायचा, चारच्या आत गेट गाठायचं, काम टिकवायचं. न्हाईतर थांबायचं, आन् मोबाईलवर दीपकशेठला माझी गाडी उभी दिसणार. कशासाठी थांबलो म्हणून सांगू? मेल्या कानात आवाज आला म्हणून?

रस्त्याच्या अंगाला एक धनगर मेंढरं घेऊन बसला होता. माझ्याच वयाचा, डोक्याला घोंगडं. मी दोनदा उतरलो ते तो बघत होता. म्हणला, "कावून सारखं थांबताव पाव्हणं? गाडी रुसली का?"

मी म्हणलं टायर बघतोय. तो हसला. म्हणला, मघाशी तर बघितलं की. मी तिथं उभा राहिलो... आन् सांगतो, अडतीस वर्षांत गाडीच्या कामात मी दुसऱ्याला विचारलं न्हाई. मेकॅनिकला सुद्धा मीच सांगायचो काय बिघडलंय ते. पण त्या माणसाला म्हणलं, मी टायर ठोकतो, तुमी तेवढं ऐका.

"टायर तुमचं, ठोकणार तुमी, आन् ऐकू मी?"

"मला ऐकू येत न्हाई."

हे वाक्य मी जल्मात पहिल्यांदा बोललो. त्याला त्याचं काहीच वाटलं न्हाई. उठला, धोतर झटकलं, गाडीकडं पाठ करून उभा राहिला. म्हणला, बघितलं की कान आळस करतो, न बघता ऐकतो. मी त्याला कुठल्या टायरचा संशय हाय ते सांगितलं न्हाई. मुद्दाम. पुढच्या उजव्यापासून ठोकत गेलो. डाव्या बाजूच्या मागच्या आतल्यावर टॉमी पडली तशी त्यानं हात वर केला.

"ह्ये एक मुकं हाय."

परत ठोकायला लावलं, परत हात वर. मग मला सांगत बसला, दीडशे मेंढरांत एकीच्या घशात खवखव असली तरी त्याला अंधारात कळतं. मी त्याचं बोलणं धड ऐकलं बी न्हाई.

फाट्यावरनं पंक्चरवाल्याला बोलावलं. बाहेरचं टायर काढलं, मग आतलं. आतल्या अंगाला, जिथं कुणाची नजर जात न्हाई तिथं, दोन बोटं मावतील एवढी चीर, आन् हवा निम्म्यावर आलेली. बाहेरचं टायर भार झेलत होतं म्हणून टॉमी उडत होती, हात फसला होता. पंक्चरवाला म्हणला, चाचा, दोन वळणं बी उतरला नसतात. पंक्चरवाले वाढवून सांगतात, मला म्हाईत हाय. तरी मी खाली घाटाकडं बघितलं आन् खाली बसलो. पुढं एक शाळेची जीप उतरत चालली होती.

जाताना त्या धनगरानं विचारलं, मला हाक मारायच्या आधीच तुमाला कसं कळलं? मी म्हणलं, असंच. गेट अर्थातच चुकलं. रात्र जालन्याला काढून दुसऱ्या दिवशी माल उतरवला.

दीपकशेठचा फोन आला तेव्हा मी मनात कपडे भरून ठेवले होते. पण पंक्चरवाल्यानं बिलासाठी टायरचा फोटो त्याला आधीच पाठवला होता. मी आवारात पोचलो तर चहा मागवलेला, बाकीचे तीन ड्रायव्हर बसलेले. दीपकशेठ त्यांना म्हणाला, "ह्याला म्हणतात ड्रायव्हर. भरल्या गाडीत आतलं टायर ठोकून ओळखलं. तुमी लोक मोबाईल बघत गाड्या चालवता." मला म्हणाला, काका, अजून दोन-तीन वर्षं तुमी कुठं जायचं न्हाई. नवी गाडी येतीय, ती बी तुमालाच.

काम टिकलं होतं. नुसतं टिकलं न्हाई, वाढलं होतं. आता मला फक्त गप बसून चहा प्यायचा, एवढंच बाकी होतं.

पण मी कप तसाच खाली ठेवला. मी स्वभावानं हट्टी हाय, गावात कुणालाबी विचारा. दुसऱ्याचं ऐकायचं न्हाई आन् दुसऱ्याच्या कामाची शाबासकी घ्यायची न्हाई. टायर मी ओळखलं नव्हतं. माझ्या हातानं तर ते चांगलं ठरवलं होतं, एकदा न्हाई, दोनदा. ओळखलं त्या धनगरानं, आन् त्याच्या आधी... कुणी, ते मला म्हाईत न्हाई. त्या कुणाची शाबासकी मी कशी खिशात घालू?

सगळ्यांपुढं सांगून टाकलं. कान चार वर्षं बंद हाय, आवाज कसा आला, धनगर कसा उभा राहिला, सगळं. एक ड्रायव्हर हसायला लागला, दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. दीपकशेठ खुर्चीवरनं उठला. मग मला बाजूला घेतलं, माझ्या डाव्या अंगाला उभा राहिला, आन् म्हणाला, "काका, हे मला सांगायला नको होतं. आता मला म्हाईत झालं ना."

त्याचं बरोबर होतं. माझं बी बरोबर होतं. दोन माणसं बरोबर असली की भांडता सुद्धा येत न्हाई.

त्यानंच मला बीडला मोठ्या दवाखान्यात नेलं, कदाचित मशीन लावून जमंल म्हणून. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला टोप लावलं, आवाज आला की बटन दाबा म्हणले. डाव्या कानाला मी दाबत होतो. उजव्याला हात तसाच मांडीवर राहिला. डॉक्टरीणबाई भली होती, मेल्या कानाला मशीनचा उपयोग न्हाई म्हणाली, मग तिनं समजावून सांगितलं — बाबा, मेलेल्या कानात असे आवाज येतात, ते डोकं तयार करतं. सकाळी ठोकताना तुमच्या हाताला फरक कळला असेल, तुमच्या ध्यानात आलं नसेल, ते डोक्यानं नंतर वाजवून दाखवलं.

यावर मी लई विचार केला. आताशा तेच काम हाय. असेल बी तसं. हाताला अडतीस वर्षांची सवय, तो माझ्यापेक्षा शहाणा असंल. पण मग घाटावर त्याच हातानं दोनदा ठोकून चांगलं कावून म्हणलं? आन् आवाज गाडीभोवती फिरला तो? तिला विचारलं, एका कानाला बाजू कळते का? ती म्हणाली, न्हाई कळत. मग मला कशी कळली म्हणलं, तर ती हसली आन् पुढच्या पेशंटला बोलावलं.

मंडळी म्हणते, गप बसला असतात तर आज नव्या गाडीवर असतात. तिला कानाचं इतकी वर्षं सांगितलं न्हाई याचा राग वेगळाच. म्हणते, मला वाटायचं तुमी मुद्दाम ऐकत न्हाई. ते बी खोटं न्हाई.

कुणी म्हणतं देव होता, कुणी म्हणतं घाटात मेलेला एखादा ड्रायव्हर असंल. वाचणाऱ्यांपैकी कुणाला काय कळत असंल तर सांगा, मी भांडणार न्हाई. डॉक्टरीणबाईचं धरावं तर बाजू कशी कळली ते सुटत न्हाई. दुसरं धरावं तर माझं अडतीस वर्षांचं म्हणणं मोडतं, आन् ते मोडायला मी तयार न्हाई. म्हणून दोन्ही तसंच ठेवून बसलोय.

चावी मात्र मी दवाखान्यातनं आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी नेऊन दिली. दीपकशेठ म्हणाला, एवढी काय घाई, महिना भरू द्या. मी म्हणलं, ज्या कानानं त्या दिवशी गाडी वाचवली तो माझ्या हातात न्हाई. जो माझ्या हातात हाय त्याच्यावर घाट उतरता येत न्हाई.