लक्ष्मीची दोन नाकं

सराफाने आधी मला फसवायला घेतलं, ते त्याला जमलं नाही. मग त्याने चाचांना बदनाम करायला घेतलं, आणि ते जमलं. मी पेठहून रिकाम्या हाताने नारायणगावला आलेला आणि टोमॅटोच्या क्रेटवर उभा राहून बोली लावत मोठा झालेला माणूस आहे. भाव कोण पाडतो हे मला कळतं. म्हणून सरळ लिहितो.

चाचा जुन्नरला एका गल्लीत, दोन पायऱ्या चढून जायच्या खोलीत बसत. सोन्याचा कस लावून देणं हा त्यांचा धंदा. गिऱ्हाईक आलं की मान वर न करता ते उजवा तळहात पुढे करत. त्यावर वस्तू ठेवायची आणि गप्प बसायचं.

"तोंड बघितलं की डोळा चुकतो," म्हणत.

त्यामुळे अर्ध्या गावाचे दागिने त्यांच्या ओळखीचे होते, माणसं नव्हती. एकदा स्टँडवर मी त्यांना हाक मारली, तर परक्यासारखे बघत राहिले. मी बोटातली अंगठी पुढे केली. "आरं, तुमी व्हय," म्हणाले आणि मग घरच्यांची चौकशी केली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

पारखायचे पाच रुपये घेत. पहिल्या खेपेला मी सवयीने चार म्हणालो. त्यांनी वस्तू माझ्या हातावर परत ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी तळहात पसरला. आख्ख्या बाजारात मी ज्याच्याशी घासाघीस करू शकलो नाही असा हा एकच माणूस.

नव्वदच्या दशकात एका चांगल्या हंगामानंतर मी नारायणगावच्या सराफाकडून दहा ग्रॅमचं लक्ष्मीचं नाणं घेतलं. पावती कच्च्या चिठ्ठीवर. चूक माझी, मान्य. बायकोने ते देव्हाऱ्यात ठेवलं आणि दर लक्ष्मीपूजनाला त्यावर हळद-कुंकू वाहिलं. सात-आठ वर्षांत लक्ष्मीचं तोंड हळदीखाली पार बुजलं.

पुढे वारूळवाडीत जागा बघितली आणि नाणं मोडायला त्याच सराफाकडे गेलो. त्याने ते खसाखसा पुसलं, भिंग लावलं आणि हसला. लक्ष्मीला दोन नाकं होती. एक नाक, आणि त्याला चिकटून दुसऱ्या नाकाची रेघ. कमळाच्या पाकळ्याही दुहेरी. हे साच्यात ओतलेलं खोटं नाणं, आमच्या दुकानचं नव्हेच, म्हणाला. वर, तुमची ओळख आहे म्हणून निम्म्या भावात ठेवून घेतो.

खोटं आहे तर निम्म्या भावात तरी कशाला घेतोस? मी नाणं उचललं आणि जीपने थेट जुन्नर गाठलं.

चाचांनी ते आधी रिठ्याच्या पाण्यात टाकलं. मी काही सांगायला गेलो, तर बोट वर करून गप्प केलं. खाचांतली हळद सुटली तशी दोन्ही नाकं लख्ख दिसायला लागली. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

"कडा बघा, भाऊ. दोन्ही रेघा धारदार हायेत. ओतलेल्याची कड बोथट असती. ह्ये ठशानंच छापलंय. पहिला दाब बसला, नाणं इवलंसं सरकलं, दुसरा बसला. चूक टांकसाळीची. सोन्याची न्हाई."

मग काळ्या दगडावर कडेची रेघ ओढून तेजाबाचा थेंब सोडला. रेघ हलली नाही. नुसता मुलामा असला तर, म्हणून नाणं रेशमाच्या धाग्याने काट्याला टांगून पाण्यात सोडलं. बाहेर दहा ग्रॅम, पाण्यात साडेनऊच्या जरासं खाली. आत दुसरा धातू असता तर नवाच्या आसपास घसरलं असतं. "चोख हाय," म्हणाले आणि पाच रुपयांसाठी हात पुढे केला.

तिथेच मी थांबायला हवं होतं. पण माझं डोकं तापलेलं. चला, त्याच्या दुकानात, त्याच्याच काट्यावर दाखवा, असा हट्ट धरला. ते नको म्हणत होते. पारखलेलं घेऊन मिरवायचं नसतं, म्हणाले. मी ऐकलं नाही.

दुकानात गर्दी होती. चाचांनी सराफाच्याच काट्यावर तोच प्रयोग केला आणि तेच वजन आलं. सराफाने काट्याकडे बघितलंच नाही. त्याने गिऱ्हाइकांकडे बघितलं.

"तेजाबाच्या वाफेनं म्हाताऱ्याचे डोळे गेलेत," तो म्हणाला. "राव, आता ह्याच्या कसावर कोण सोनं घेणार?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "चाचा, नक्की ना?"

त्या दिवशी चाचांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. भिंग रुमालात बांधलं आणि जीप धरायला निघाले.

महिन्याभरात सगळ्या सराफांनी त्यांच्याकडे माल पाठवणं बंद केलं. कोणाचा दागिना खोटा निघाला नव्हता. एक वाक्य पुरलं. मी जायचो तेव्हा खोलीत चाचा एकटेच असत, दगड तेल लावून पुसलेला.

पुढे पुण्यात कॅरेट सांगणारी मशिनं आली. मी नाणं घेऊन गेलो. मशिनने छापील कागद दिला, सोनं चोख. तो घेऊन मी जुन्नरला पळालो. चाचा खाटेवर होते. कागद त्यांनी हातातही धरला नाही.

"मला ठावं व्हतं. ज्याला ठावं न्हाई त्याला दावा."

मग उजवा तळहात पुढे केला. मी त्यावर नाणं ठेवलं. डोळे मिटूनच त्यांनी अंगठा दोन्ही नाकांवरून फिरवला आणि हसले. "ही वळखीची हाय," म्हणाले.

त्या पावसाळ्यात ते गेले. त्या खोलीत आता मोबाइलचं दुकान आहे.

सराफाचं दुकान जागेवरच आहे, काचा नव्या बसल्यात, तेच मशिनही आलंय. तो कागद मी त्याला दोनदा दाखवला. दोन्ही वेळा चहा मागवून त्याने विषय बदलला. मी "नक्की ना" विचारलं, ते माझं पाप, ते मी इथे लिहून टाकलंय. आता त्याचं त्याने सांगावं. मला नाणं मोडायचं नाही आणि भरपाई नको. ज्या काउंटरवर, जशा गर्दीत म्हाताऱ्याचे डोळे गेले म्हणालास, तिथेच, तेवढ्याच मोठ्याने म्हण की ते शाबूत होते.

चाचा तोंड बघत नसत. मी बघतो. शेठ, बोला.