पहाटेचं दूध कालचं कसं झालं

कोल्हारला आमच्या वस्तीवरच्या दूध केंद्रात नवा प्रोग्राम बसवला तो माझ्या नातीने. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. केंद्राचं काम तिने गावाचं म्हणून करून दिलं. मापावर किटली ओतली की लिटर, फॅट आणि तारीख आपोआप संगणकात जाते. हातात मिळते ती चिठ्ठी मात्र जुन्याच यंत्राची, तिच्यावर तारीख नसते. पहिले काही दिवस मी रांगेत उगाचच ताठ मानेने उभी राहायचे, जणू प्रोग्राम मीच लिहिलाय.

मग एका सकाळी केंद्राच्या सेक्रेटरीने संगणकाच्या पडद्यावरून खणखणीत आवाजात वाचलं, की माझ्या शेजारणीचं मंगळवारी सकाळचं दूधच नाही आणि बुधवारी सकाळचं दोनदा आहे. रांगेने अर्थ काढायला वेळ लावला नाही. मंगळवारचं शिळं दूध हिने ठेवलं आणि बुधवारी खपवलं. एका नासक्या किटलीने अख्खी टाकी जाते, त्यामुळे आमच्याकडे चोरीपेक्षा हा आळ वाईट. उलगडा होईपर्यंत दूध आणू नका, असंही सेक्रेटरीने तिला सांगितलं.

शेजारीण दोन गाई एकटीने सांभाळते आणि उजाडायच्या आत कांदेलागणीला मजूर नेणाऱ्या जीपमध्ये बसते. भरलेली किटली तिने माझ्या ओट्यावर आणून ठेवली. "मावशी, म्या रोज आनलंय. तुमच्या नातीला इचारा, तिच्या यंत्राचं मी काय खाल्लंय?"

खरं तर मला आधी तिची कणव यायला हवी होती. आली ती उत्सुकता. मंगळवारचं दूध गेलं कुठे?

नातीने दहा वाजता, चहा पिऊन, केंद्रावर जाऊन पाण्याची किटली ओतली. तारीख बरोबर. दुपारी पुन्हा ओतली. बरोबर. घरी येऊन म्हणाली, आजी, प्रोग्राम ठीक आहे. म्हणजे शेजारीण खोटी, हे तिने म्हटलं नाही, पण चुलीवरच्या दुधासारखं ते आमच्या दोघींच्या मध्ये वर येत राहिलं. मी विचारलं, पहाटे ओतून पाहिलंस का? ती हसली. यंत्राला पहाट काय आणि दुपार काय, म्हणाली.

यंत्राला नसेल, माझ्या सासूबाईंना होती. मी या घरात आले ती मॅट्रिक झालेली, मनगटावर लग्नातलं घड्याळ, आणि जगातली अक्कल त्या घड्याळाच्या काचेखाली मावली आहे अशी माझी खात्री. एका एकादशीच्या उपासानंतर मी पहाटे चारलाच भाकरी आणि ठेचा घेऊन चुलीपुढे बसले. सासूबाई आल्या. मी त्यांना व्याख्यान दिलं, की तारीख रात्री बारालाच बदलली, त्यामुळे एकादशी संपली. त्यांनी विचारलं, उपास तू धरलास का घड्याळाने? आपल्यात दिवस सूर्याबरोबर उगवतो, असं म्हणून त्यांनी भाकरी उचलून टोपल्यात ठेवली. मी शहाणी घड्याळाकडे बघत उजाडायची वाट पाहत बसले.

ते आठवलं आणि मला वाटलं, सापडलं. हे यंत्र सासूबाईंच्या वळणाचं आहे! सूर्य उगवेपर्यंत त्याला कालचाच दिवस. शेजारीण अंधारात दूध घालते, ते कालच्यावर जातं. फक्त त्या बुधवारी जीप आली नव्हती म्हणून ती उन्हं आल्यावर गेली. तेव्हा बुधवारचं बुधवारी पडलं आणि गुरुवारच्या पहाटेचंही त्याच बुधवारी येऊन बसलं. मंगळवार रिकामा राहिला. बाकीचे जे रोजच अंधारात येतात त्यांची सगळी रांगच एक दिवस मागे सरकलेली, मग कुणाला काय कळणार?

दुसऱ्या पहाटे मी आमच्या गाईचं दूध दोन किटल्यांत घेतलं. पहिली पाचच्या सुमाराला ओतली. पडद्यावर कालची तारीख. मी मनात सासूबाईंना नमस्कार केला. दुसरी किटली घेऊन बाकावर थांबले आणि पावणेसहाला ओतली. बाहेर अजून काळोख, थंडीतला सूर्य कुठला एवढ्यात उगवायला. पडद्यावर आजची तारीख! सूर्याचा काही संबंधच नव्हता. माझा शोध बाकावरून उठायच्या आतच मेला.

घरी येऊन नातीला हलवून उठवलं. यंत्राचा दिवस पाच आणि पावणेसहाच्या मध्ये कधीतरी बदलतो म्हटल्यावर ती अंथरुणात ताडकन बसली. "साडेपाच," ती म्हणाली. "आजी, साडेपाचच!"

मग तिने समजावलं. सगळी माहिती ज्या कोठारात साठते, त्याला ती डेटाबेस म्हणते, तिथे आपली वेळ नसतेच. तिथे जगाची सामाईक वेळ चालते, इंग्लंडातल्या एका गावावरून मोजलेली. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. आपले साडेपाच वाजतात तेव्हा तिथे रात्रीचे बारा. तिच्या प्रोग्रामने वेळ बरोबर ठेवली होती, तारीख मात्र तिथल्या दिवसाची उचलली. आणि ती तपासायला गेली ती कायम चहा पिऊन.

तिने लगेच दुरुस्ती केली. त्याच संध्याकाळी सातला घातलेलं दूध उद्याच्या तारखेवर गेलं. गाईने अजून दिलेलं नाही ते दूध तू आजच काढलंस की, असं मी म्हटलं तर ती माझ्यावर चिडली आणि मग हसायला लागली. झालं असं, की कोठाराला आपली वेळ शिकवली त्याने साडेपाच तास मिळवले, आणि प्रोग्रामनेही मिळवले. सातचे साडेबारा झाले. शेवटी कोठारात जगाची वेळ तशीच राहू दिली. तारीख काढायच्या आधी वेळ आपल्याकडची करायची, आणि तीही एकाच ठिकाणी. मागच्या नोंदींच्या तारखाही तिने तशाच नव्याने काढल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारीण अंधारातच किटली घेऊन आली. मागे मी आणि जांभया देत नात. दूध ओतलं, तारीख आजची पडली. सेक्रेटरी पुढच्याला या म्हणाला, पण शेजारीण मापापुढून हलली नाही.

"भाऊ, वाचा की. त्या दिशी लई मोठा आवाज हुता तुमचा."

त्याने आजचं वाचलं. ती म्हणाली, मंगळवारचं. त्याने मंगळवारचं वाचलं: सकाळ एक, संध्याकाळ एक. बुधवारचं वाचताना त्याचा आवाज जरा खाली गेला, तशी ती म्हणाली, मागच्यांना ऐकू आलं न्हाई. बाहेर जीपचा हॉर्न वाजत होता. तिने मागे न बघताच ड्रायव्हरला हात केला, थांब म्हणून, आणि त्याने बुधवार पुन्हा वाचायला घेतला.