विहिरीतला ठिपक्यांचा मासा

ये गं, अशी जवळ येऊन बस. आणि ती पर्स मांडीवरून खाली ठेव आधी. दर वेळी अशी टेकतेस, जशी काही बाहेर ऑटो मीटर चालू ठेवून उभी आहे. पाण्यात फोटो काढायला काय घेऊ म्हणून मागच्या खेपेला विचारलंस, आणि उत्तर ऐकायला थांबलीस का? आता पुरतं ऐकूनच जा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. राजाजीनगरात माझा लहानसा फोटो स्टुडिओ होता. मला शिकवलं कुणी नाही, बिघडलेल्या फिल्मांनी काय शिकवलं तेवढंच. मुलगी समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करत होती. एक दिवस तिनं जाहीर केलं, लक्षद्वीपला चालले, व्हेल शार्कचे फोटो काढायला. बसएवढा मासा. प्रत्येकाच्या अंगावरचे पांढरे ठिपके निराळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. कल्ल्यामागची बाजू स्वच्छ आली, तरच तोच मासा पुन्हा ओळखता येतो. तो माणसाला काही करत नाही, पाणी गाळून बारीकसारीक खातो, हेही तिनं दहादा सांगितलं. मी सरी सरी, बरं बरं म्हणत होते. डोक्यात बसला तो फक्त त्याचा जबडा.

तिच्या सरांनी कॅमेरा पाण्यात न्यायची ॲल्युमिनियमची पेटी दिली होती. पेटीच्या तोंडाला लावायच्या काचा दोन. सपाट काच माझ्या पन्नास मिलिमीटरच्या लेन्ससाठी, घुमटासारखी फुगीर काच वीसच्या वाइड लेन्ससाठी. यातली एकच ठेवायची, दुसरी दुसऱ्या विद्यार्थ्याला हवी होती. मुलगी म्हणाली, आई ठरवेल, घरात फोटोग्राफर ती आहे.

मी पन्नास ठरवली. वीसनं आकार ताणले जातात, असं तिला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. वीस लावली की सगळं लहान येतं, म्हणून हातभर अंतरावर जावं लागतं. पन्नासनं एवढा मोठा प्राणी घ्यायचा तर लांबच राहावं लागतं. राहू दे लांब.

ठरवलं खरं, पण जीव थाऱ्यावर नव्हता. गिऱ्हाइकाला हनुवटी वर करा म्हणायचं आणि लक्ष पेटीकडे. तिच्या झाकणाला कुकरसारखी रबरी रिंग असते, तिच्यावर एक केस राहिला तरी पाणी आत. मी ती रिंग काढायची, पुसायची, बसवायची, पुन्हा काढायची. मुलगी म्हणाली, झिजेल ती.

मग दोन्ही लेन्स तपासून तरी बघू, असं तिनंच काढलं. चिकपेटेत जाऊन मी राखी-निळं, पांढऱ्या ठिपक्यांचं कापड घेतलं, चार मीटर. कुणासाठी म्हणून दुकानदारानं विचारलं. ‘मीनिगे,’ माशासाठी, मी सांगून टाकलं. ‘सरी अक्का,’ म्हणत त्यानं कात्री चालवली. एवढा धीराचा माणूस मी पाहिला नाही.

आनेकलजवळ माझ्या आत्तेभावाची मळ्यातली विहीर आहे. तिच्यात ते कापड दगड बांधून सोडलं. दोर माझ्या हातात. मला पोहता येत नाही, मी पायरीवर. पोर पेटी घेऊन खाली गेली की मी आकडे मोजायची, तिचं डोकं वर येईपर्यंत. पन्नासनं एक रोल लांबून, वीसनं एक जवळून. पेटीत थेंब शिरला नाही.

रोल मीच धुतले. पन्नासच्या रोलवर नुसतं धुकं. मधल्या पाण्यानं ठिपके खाऊन टाकले होते. वीसच्या रोलवर ठिपका न् ठिपका, कापडाची वीणसुद्धा. ओली फिल्म मी अंधाऱ्या खोलीतल्या दोरीवर टांगली. मग बाहेर येऊन सांगितलं, वीसचा रोल डेव्हलपरमध्ये बिघडला.

दोन दिवस मी घरभर येरझारा घालत होते, दुधाकडे बघता बघता दूध उतू घालवत होते. तिसऱ्या दिवशी ती सपाट काच आणि माझी लेन्स पुसून बॅगेत भरायला बसली आणि मान वर न करता विचारलं, ‘आई, तू पाण्यात उतरणार असतीस, तर कुठली लावली असतीस?’

अंधाऱ्या खोलीच्या दारात खोटं बोलणं सोपं होतं. उजेडात, माझीच लेन्स पुसत बसलेल्या पोरीसमोर जमलं नाही.

‘वीस,’ मी म्हटलं, आणि दोरीवर वाळलेला तो रोल तिच्या हातात आणून दिला.

तिनं तो खिडकीसमोर धरला. ‘मला वाटलंच होतं,’ म्हणाली. ‘तुझ्या हातून रोल बिघडत नाही.’

रागावली असती तर बरं वाटलं असतं.

घुमटाची काच मीच जुन्या साडीत गुंडाळून दिली. पुढचे तीन आठवडे कसे काढले ते विचारू नकोस. परत आल्यावर तिनं रोल माझ्यापुढे ठेवला. छत्तीस फोटोंतले सात कामाचे निघाले, ठिपके मोजून घ्यावेत असे. एकात माशाचा डोळा होता. किती जवळ गेलीस, हे मी तिला विचारलंच नाही. वीसच्या लेन्सवर डोळा एवढा येतो म्हणजे अंतर किती, ते मला निगेटिव्हवरूनच कळलं. हातभरसुद्धा नाही. फोटो तिला दिला आणि आत जाऊन पाणी प्यायले.

म्हणून सांगते, वाइड घे. पण वाइड म्हणजे अगदी जवळ जाणं, हे तुझ्या आईला दुकानात जाऊन कळायला नको, मीच तिला सांगेन. या रविवारी ये, स्वल्प वेळ काढून ये, आणि येताना आईला घेऊन ये.