भावी डॉक्टर

संतोष वाशीमकडचा. बिबवेवाडीत आम्ही एका खोलीत राहतो. मी नारायण पेठेत एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासतो. तो बारावीनंतर ड्रॉप घेऊन नीटची तयारी करत होता. यंदाचा तिसरा ड्रॉप.

क्लाससाठी तो पुण्याला निघाला तेव्हाच मित्रांनी गावच्या चौकात फ्लेक्स लावला. फोटोत त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप चिकटवलेला. खाली मोठ्या अक्षरांत ‘भावी डॉक्टर’. तेव्हापासून तो दिवाळीलाही गावी गेला नाही. निमित्त अभ्यासाचं. मला एकदा म्हणाला, “त्या फ्लेक्सखालून जावं लागतं रे.”

घरमालक श्रीनिवासकाका जिन्यात गाठायचे. “काय डॉक्टर, आमचं ब्लडप्रेशर आपण बघणार, की तोवर दुसरीकडे दाखवून घेऊ?”

निकाल लागला. मार्क याही वेळी कमीच.

“मला डेअरीचा डिप्लोमा करायचाय,” संतोष म्हणाला.

रविवारी तो कात्रजच्या बाजूला एका गोठ्यावर जाऊन बसायचा. मला वाटायचं, अभ्यासाचा कंटाळा.

“मग घे प्रवेश.”

“सोमवारी शेवटची तारीख. बाबा उद्या येतायत. तूच सांग त्यांना. तू साहित्यवाला, नीट मांडशील.”

त्याचे वडील रंगनाथकाका एसटीत कंडक्टर. आले, पाणी प्यायले, पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढून माझ्या हातात दिली. मी सुरुवात केली.

“काका, शिक्षण म्हणजे शेवटी माणसाचा कल...”

“नंबर नाही लागला ना?”

माझं वाक्य तिथंच राहिलं.

संतोष खाली बघत होता. वडिलांसमोर त्याची बोली आपोआप गावाकडची झाली. “बाबा, मले आता पुन्हा नाही बसायचं. डेअरीले जायचं हाये. पण गावात थो फ्लेक्स...”

“थो? थो तं मांगच्या पावसाळ्यातच काढला ना बाप्पा. गोठा गळत होता. टाकला वरून.”

संतोषने मान वर केली. मग म्हणाला, “लोकं काही बोलले नाही?”

“बोलले ना. म्या म्हटलं, पोरगा पुण्याले हाये. पाणी माह्या गाईवर पडते.”

“मले काऊन नाही सांगितलं?”

“तू कधी इचारलं? फोनवर आपलं एकच, अभ्यास सुरू हाये.”

“फोटो वर हाये का खाली?” संतोषने विचारलं.

“खाली. गाय पाहते दिवसभर.”

संतोष हसला. हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले.

“दूध किती देते आता?”

“कमी झालं.”

“चारा बदलला का?”

काका मांडी घालून नीट बसले आणि सांगायला लागले. संतोष मध्येमध्ये थांबवून विचारत होता. एवढं बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

मी चहा ठेवायला उठलो. माझी वाक्यं कोणालाच लागणार नव्हती.