जिलेबी का चावली

हे एका नॅपकिनबद्दल आहे. हात पुसायचा साधा, निळा नॅपकिन. त्याच्याबद्दल मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. बायकोशी नाही, मुलीशी नाही, इथे आखातात ज्याच्या गाडीतून रोज मुसफ्फाला कामाला जातो त्या परकारशीही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या घरी कधी येणार नाही. आलात तरी तो नॅपकिन तुम्हाला दिसणार नाही.

आधी जिलेबीचं सांगतो. जिलेबी म्हणजे आमचा साप. नाव मुलीनं ठेवलं, सईनं. रंग नारिंगी, आणि बघावं तेव्हा वेटोळं. कॉर्न स्नेक म्हणतात त्या जातीला. विष नाही, जाडी बोटाएवढी. माझा एक सहकारी नोकरी सुटल्यावर देश सोडून निघाला होता. इथून माणूस निघतो तेव्हा सोफा, वॉशिंग मशीन, मांजर, सगळं कुणाच्या ना कुणाच्या दारात ठेवून जातो. माझ्या वाट्याला साप आला. आला कसला, मी मागून घेतला. लहानपणापासूनची हौस. मंजिरी, माझी बायको, दारातच म्हणाली, "हा आत येणार असेल तर त्याचे ते उंदीर माझ्या बांगड्यांशेजारी फ्रीजरमध्ये ठेवायचे नाहीत." बांगडे म्हणजे मासे. सापाला घालायचे उंदीर मेलेले, गोठवलेले विकत मिळतात; त्यांच्यासाठी मी झाकणाचा वेगळा डबा आणला.

आणि मग मी वाचायला लागलो. एसीच्या कामातला माणूस मी, तापमान आणि थर्मोस्टॅट मला कुणी शिकवायला नको. पण साप कसा हाताळायचा हे रात्रंदिवस वाचलं. वरून हात घालायचा नाही, वरून येते ती घार. बाजूनं, पोटाखालून उचलायचं. डोळे दुधाळ दिसले की कात टाकायची वेळ आली, तेव्हा लांब राहायचं. आणि हात लावण्याआधी हात धुवायचे, कारण सापाला नजरेपेक्षा वास जास्त कळतो. हाताला उंदराचा वास असेल तर तो हात नाही, तो उंदीरच. त्यासाठी तो निळा नॅपकिन. जिलेबीच्या काचपेटीवर घडी घालून ठेवलेला. हात धुवायचे, त्याला पुसायचे, मगच झाकण उघडायचं. नियम माझा होता. नॅपकिनही मीच आणला होता.

पण जिलेबी माझी झाली नाही.

माझ्या हातात आली की ती ताठ व्हायची. शेपटीचं टोक थरथर वाजायचं. एकदा तर माझ्या ऑफिसच्या शर्टावर अशी काही घाण सोडली — घाबरल्यावर सोडतात साप — की तो शर्ट फेकावा लागला. सई सोफ्यावरून म्हणाली, "बाबा, यू आर होल्डिंग हर लाइक अ पाइप." खरं होतं. पडेल म्हणून मी घट्ट धरायचो. घट्ट धरू नये हेही वाचलेलं होतं. वाचलेलं हातात उतरतंच असं कुठे आहे?

पेटी साफ करताना एकदा मंजिरीला म्हटलं, जरा धर. तिनं धरलं नाहीच. नुसते तळवे पुढे केले. आणि ती माझी ताठ, वेडीवाकडी जिलेबी तिच्या एका हातावरून दुसऱ्या हातावर पाणी ओतल्यासारखी गेली. मग मनगटाशी थांबली, जीभ सावकाश आत-बाहेर. सई ओरडली, "शी लव्ह्ज आई!" मी लगेच म्हणालो, सापाला प्रेम वगैरे नसतं, सवय असते. तेही खरंच होतं. खरी गोष्टसुद्धा किती कोत्या मनानं सांगता येते, बघा.

तुम्ही म्हणाल, एवढ्यानं कुणी जळतं का? मीही स्वतःला हेच विचारायचो. मंजिरी आमच्याच मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका क्लिनिकमध्ये लहान मुलांचं रक्त घ्यायची. आया तिच्या नावानं येऊन बसायच्या. सिस्टर मंजिरी असतील तरच, नाहीतर उद्या येतो. हलका हात म्हणून सगळीकडे नाव. लग्नापासून मी हे ऐकत होतो आणि मला ते कधी टोचलं नव्हतं. उलट मीच सांगत फिरायचो. मग इथेच का टोचावं? क्लिनिक तिचं होतं म्हणून असेल. साप माझा होता.

शनिवारी आमच्याकडे मंडळी जमायची. मंजिरी हात धुऊन, पुसून जिलेबीला बाहेर काढायची आणि सगळे तिच्याभोवती. उष्णता किती, खाणं कधी, हे मी मागून सांगत असायचो. ऐकायला कुणी नसायचं. परकार रत्नागिरीचा, तोंडाचा मोकळा. एकदा म्हणाला, "भाऊ, पेटी तुझी, उंदीर तुझे, लाइट बिल तुझं, आणि लाडात येते भाभीकडे? तू तर तिचा नातूर झालास रे!" नातूर म्हणजे इथला बिल्डिंगचा वॉचमन. सगळे हसले. मीही हसलो. मंजिरीही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यात वाईट काहीच नव्हतं. मला मात्र तेवढं एक हसणं पुरलं.

सांगतो आता. सांगायला बसलोय तर सांगतोच.

पुढच्या आठवड्यात मी जिलेबीला खायला घातलं नाही. विसरलो नाही, घातलं नाही. शनिवारी मंडळी यायच्या आधी डब्यातला एक उंदीर बाथरूममध्ये कोमट पाण्यात सोडला, मऊ होऊ दिला आणि त्या निळ्या नॅपकिनमध्ये गुंडाळून दाबला. मग उंदीर परत डब्यात, नॅपकिन परत पेटीवर. घडी घालून. घडी नीट बसली नाही म्हणून पुन्हा घातली. हे आठवतं.

घरात परकारच्या घरून आलेल्या बिर्याणीचा वास कोंदला होता. मंजिरीनं नेहमीसारखे हात धुतले. नेहमीसारखे पुसले. झाकण उघडून हात आत घातला, आणि जिलेबीनं अंगठ्याच्या बाजूला धरलं. धरलं आणि सोडलं नाही. मनगटाला दोन वेढे घातले.

इथे एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. घाबरलेला किंवा चिडलेला साप चावतो आणि सोडतो, क्षणात. धरून वेढे घालतो तो भुकेला साप. त्या खोलीत हा फरक कळणारा एकच माणूस होता. जिलेबी चिडली नव्हती. ती जेवायला बसली होती.

बायका किंचाळल्या. मंजिरीनं हात झटकला नाही. तसाच स्थिर ठेवला आणि हळू म्हणाली, "काढ ना रे." मी शेपटीकडून वेढे सोडवले. रक्ताचे बारीक ठिपके, एवढंच. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण जाणकार मी. आणि मी म्हणालो, "हात थरथरला असेल तुझा. जनावराला कळतं."

परकारनंही मान डोलावली. कितीतरी शनिवारांनी सगळे माझं ऐकत होते. मला बरं वाटलं. लपवत नाही — बरं वाटलं.

मंडळी गेल्यावर अंगठ्याला औषध लावताना तिनं विचारलं, "खरंच थरथरला का रे माझा हात?" खरं सांगायला तेव्हाही उशीर झाला नव्हता. मी म्हणालो, "थोडासा." ती मान खाली घालून आपल्या हाताकडे बघत राहिली. नॅपकिन तोवर मी मशीनमध्ये टाकला होता.

नंतर तिनं जिलेबीला हात लावला नाही. मलाही ती नकोशी झाली. ज्याच्यासाठी जळायचं तेच उरलं नव्हतं. रास अल खैमाच्या एका कुटुंबाला देऊन टाकली. तिथल्या बाईंनी मंजिरीला व्हिडिओ पाठवला. त्यांची मुलं जिलेबीला गळ्यात घेऊन बसलेली, जिलेबी निवांत. मंजिरीनं तो दोनदा पाहिला. "बघ," म्हणाली, "तिकडे कुणाला काही करत नाही. म्हणजे माझंच काहीतरी." मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, तिला काय कळलं असेल?

क्लिनिकमध्ये एका तान्ह्या बाळाची शीर तिला पहिल्या प्रयत्नात सापडली नाही. असं कुणाचंही होतं. पण मंजिरीनं सुई दुसरीच्या हातात दिली. पुढे हे वाढत गेलं. सुई टेकवायच्या आधी ती आपल्या हाताकडे बघायला लागली, आणि बघितलं की तो खरंच थरथरायचा. शेवटी तिनं स्वतःच इन्शुरन्सच्या काउंटरवर बदली मागून घेतली. आता ती कार्ड घेते, अप्रूव्हल टाकते. परवा माझी शुगर तपासायची होती. पूर्वी घरीच बोटाला टोचून बघायची, मला कळायचंही नाही. "नको," म्हणाली, "क्लिनिकमध्ये कुणाकडून तरी करून घे. माझा हात आता पहिल्यासारखा नाही."

मी हो म्हणालो आणि चपला घालून एकटा निघालो.

मंजिरीचा हात त्या दिवशी थरथरला नव्हता. हे मला तिला सांगायचं आहे, नॅपकिनसकट. ते अजून सांगितलेलं नाही.