तारांकित प्रश्न आणि आम्ही दोघी

भंडारा जिल्ह्यातल्या एका तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात मी नर्स आहे. केस तिथेच पिकले. कागदावर आमच्याकडे परिचारिकांची सात पदं मंजूर होती. त्यातली चार रिकामी, तीन भरलेली. भरलेल्या तिघींपैकी एक बाळंतपणाच्या रजेवर. उरलो आम्ही दोघी, मी आणि माझ्याहून वीस वर्षांनी लहान असलेली माझी जोडीदारीण. एक दिवसपाळीला, एक रातपाळीला. एकीनं सुट्टी घेतली की दुसरीच्या बारा तासांचे चोवीस होत.

हिवाळी अधिवेशनाच्या थोडं आधी, एका दुपारी आमच्या ऑफिसातले बाबू धापा टाकत वॉर्डात आले.

"सिस्टर, हातातलं ठेवा. तारांकित प्रश्न आला जी!"

कुण्या आमदारांनी विधानसभेत विचारलं होतं, की परिचारिकांची पदं रिक्त असल्यानं रुग्णांचे हाल होत आहेत, हे खरे आहे काय? त्याच्या उत्तरासाठी मुंबईनं जिल्ह्याला विचारलं होतं आणि जिल्ह्यानं आम्हाला. चार पानांचा तक्ता पाचच्या आत पाठवायचा होता. कोणतं पद कधीपासून रिकामं, कशामुळे, सगळं. बाबू बदलून येऊन वर्षही झालं नव्हतं. कोण केव्हा गेलं हे फक्त माझ्या डोक्यात होतं.

आणि नेमकी तेव्हाच आंधळगावकडची एक पहिलटकरीण टेबलावर कळा देत होती.

"बाबूजी, बाई आता मोकळी होऊन राहिली," मी म्हटलं.

"मग मी वरती काय सांगू?"

"तिलेच विचारा, पाचपर्यंत थांबते काय."

बाबू सज्जन माणूस. ते पडद्याबाहेर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि तिथूनच विचारू लागले.

"पहिलं पद कधी रिकामं झालं?"

"मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा. पाच वर्सं झाली. जोर लाव बाई, आणखी जोर लाव!"

"अन् दुसरं?"

"तिची बदली झाली, नागपूरले. श्वास सोडू नको, बाई!"

उशाशी उभी असलेली सासू गोंधळून गेली. "सिस्टरबाई, हे कोनाची नोंद करून राहिले?"

साडेचारला मुलगी झाली. चांगली रडली. पावणेपाचला तक्ता गेला. त्यात शेवटचा रकाना होता, 'रुग्णसेवेवर झालेला परिणाम'. बाबूंनी त्यात लिहिलं होतं, 'रुग्णसेवा सुरळीत सुरू आहे.'

"असं काहून लिहिलं जी?"

"लेकरू नीट झालं ना? मग सुरळीतच आहे."



मग अधिवेशन नागपुरात भरलं आणि मला आदेश आला. अधिवेशनाच्या आरोग्य पथकासाठी अनुभवी परिचारिका हव्या होत्या, आणि आमच्याकडची अनुभवी म्हणजे मीच. डॉक्टरसाहेबांनी कागद देताना माझ्याकडे पाहिलं नाही. जोडीदारणीनं तो दोनदा वाचला.

"म्हंजे आता मी एकटीच?"

"दोनच आठवडे."

ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं फक्त केस घट्ट बांधले आणि ती आत गेली.

नागपुरात एका खोलीत आम्ही चार नर्स होतो. ट्रेनिंगनंतर इतक्या नर्स एका जागी मी पहिल्यांदाच पाहत होते. काम मात्र फारसं नव्हतं. कुणाला ॲसिडिटी, कुणाचं डोकं दुखतंय. मी कापसाचे बोळे करत बसे आणि जोडीदारणीला फोन करी. ती म्हणे, "नंतर बोलते."

चौथ्या दिवशी एक आमदार बीपी दाखवायला आले. मी पट्टा बांधत असताना त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"अरे, मग तो नर्सेसचा प्रश्न माझाच!" त्यांना खरोखर आनंद झाला होता. "आज यादीत होता. पण गोंधळात कामकाज तहकूब झालं. तिकडे सध्या कोण असतं?"

"एक सिस्टर आहे."

"एकच? मग तुम्ही इकडे कशा?"

"तुमचं बीपी पाहायला, साहेब."

बोलून गेले आणि लगेच पट्ट्याचा फुगा दाबू लागले. ते मात्र रागावले नाहीत. बीपी बरंच वाढलेलं होतं. मी पाच मिनिटं बसायला सांगितलं, ते दहा मिनिटं बसले. जाताना डायरीत आमच्या रुग्णालयाचं नाव लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी मला मोकळं केल्याचा कागद आला.

परतले तेव्हा जोडीदारणीला ताप होता, आणि ती तापातल्या एका बाईला गोळी देत होती. मी तिच्या हातातला ट्रे काढून घेतला. ती बाकावर बसली आणि बसल्या बसल्या झोपली.

पुढे प्रश्नाचं छापील उत्तर आलं. बाबूंनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. 'हे अंशतः खरे आहे. कार्यवाही सुरू आहे. विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही.' आणि कार्यवाही झालीसुद्धा. नवा आकृतिबंध, म्हणजे कुठे किती पदं याचा नवा हिशेब आला, त्यात आमची मंजूर पदं सातावरून पाचावर आली. चार रिक्त होती, आता दोनच राहिली. कुणीही न येता आमची टंचाई निम्मी झाली. बाबूंनी मला पेढा दिला. चेष्टा होती की मनापासून, ते अजून कळलं नाही.

पण एक मुलगी खरंच आली. आंबागडची, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. आमदारांच्या डायरीतल्या त्या नोंदीमुळेच आली असावी, असं मला वाटतं. कडक इस्त्रीचा गणवेश घालून ती दारात उभी राहिली आणि वॉर्डभर नजर फिरवत म्हणाली, "मॅडम, बाकीच्या सिस्टर कुठं आहेत जी? सगळ्यांले भेटून घेतो."

"एक मी," मी म्हटलं. "दुसरी घरी झोपली आहे. तिले उठवू नको."