मुठीतला भंडारा

भंडाऱ्यावर माझी श्रद्धा लहानपणापासूनची. पण गेल्या चैत्रात त्याच भंडाऱ्यापायी एका कोकराचा जीव टांगणीला लागला, तेव्हा मी खंडोबाशी भांडले. खोटं कशाला सांगू? "तुझंच नाव घेऊन लावला ना?" असं म्हणून देव्हाऱ्याकडे पाठ करून बसले होते.

आमचं गाव वणीच्या अलीकडे. मालक गेले आणि मेंढ्यांचं सगळं माझ्यावर आलं. पंचवटीत राहणारी लेक सारखी म्हणे, "आई, विकून टाक आन् ये इकडं. तुला झेपायचं नाय." मीही मनाशी ठरवलं होतं, मालकांची लाडकी काळी मेंढी व्यायची आहे, तिचं कोकरू जगलं तर राहायचं, नाहीतर कळप विकून लेकीचं घर गाठायचं.

काळी सकाळीच व्याली. नव्या कोकराला मालक देवाचा भंडारा लावायचे, एवढं मला चुलीपाशी बसून माहीत. म्हणून मी कोकरू उचललं, जुन्या लुगड्यानं खसाखसा पुसलं आणि मूठभर भंडारा अंगभर फासला. मालकांपेक्षा काकणभर जास्तच केलं म्हणून मनात सुखावलेही. मग ते काळीच्या पुढ्यात ठेवलं. तिनं हुंगलं आणि धडक मारली. पुन्हा ठेवलं, पुन्हा धडक. तिला धरून कोकरू आचळाला लावायला गेले, तर ती खालीच बसली. चीक काढून बाटलीनं पाजू पाहिला, पण कोकरू तोंड उघडेना. ऊन चढत होतं आणि त्याचे कान गार पडत चालले होते. मला रडू कोसळलं. कोकरासाठी की मालकांसाठी, कोण जाणे.

तेवढ्यात मेंढ्या कोंडायच्या वाडग्याच्या दाराशी एक बाई उभी राहिली. सप्तशृंगीच्या गडाला पायी निघालेली खानदेशातली, सोबतच्या बायकांच्या मागे पडलेली, घामानं निथळत होती. "माय, पानी शे का?" मी तांब्या दिला. पाणी पिता पिता तिला कोकरू दिसलं आणि ती हसलीच. "इतली हयद? नवरदेव शे का हाऊ?" उरलेल्या पाण्यात पदर भिजवून तिनं त्याचं अंग पुसलं आणि त्याला घामेजल्या कुशीत घेऊन जमिनीवरच बसली. जरा वेळानं काळी जवळ आली. आधी बाईचं मनगट चाटलं, मग कोपर, आणि चाटता चाटता तिची जीभ कोकराच्या पाठीवर गेली. ती तिथेच राहिली. काळीच्या घशातून हलकी गुरगुर येऊ लागली. थोड्या वेळानं कोकरू धडपडत उठलं आणि आचळाला लागलं. शेपटी नुसती थरथरत होती. "चाल माय, मन्या बाया पुढे गयात," म्हणून ती बाई निघाली. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

नंतर सांजवात करताना माझ्या डोक्यात उजेड पडला. मालक वाडग्यात तासन् तास बसायचे आणि मी चहाला हाका मारून दमायचे. मला वाटे, आळशीपणा, दुसरं काय! मेंढीनं कोकराला हुंगून-चाटून ओळखून घ्यावं, म्हणून ते भंडारा मुठीत धरून थांबत असायचे. कोकराच्या अंगाचा तो वास मीच पुसून भंडाऱ्यानं झाकला होता आणि वर देवाशी भांडले होते.

कोणी म्हणेल, मेंढीला घामाचं मीठ आवडतं. आवडत असेल. पण नेमकं आमच्याच वाडग्यापाशी पाणी मागायची बुद्धी त्या बाईला कोणी दिली, हे मी उकरत बसत नाही. भंडारा खंडोबाचा आणि माणूस धाडलं गडावरच्या आईनं. त्यांचं आपसात काय ते ठरलं असेल. मी दोघांचीही ऋणी आहे.

मेंढ्या विकल्या नाहीत. आता कोणतीही व्याली की मी भंडारा मुठीत धरून शेजारी बसते. देवा, तुझं काम आधी होऊ दे, माझं मागाहून. आईचं चाटून झालं की कोकराच्या कपाळाला एक बोट लावते. तोवर चुलीवरचा चहा गार होतो. होऊ दे.